वाघ नसलेल्या बेटांवर

इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावर वाघ नाही. बिबट्या नाही, लांडगा नाही, कोल्हाही नाही. हरणं मात्र आहेत, रानडुकरं आहेत, रानटी झालेल्या म्हशी आहेत. आणि या सगळ्यांना मारून खाणारा जो प्राणी तिथे आहे, तो आपल्याकडे बांधावर किंवा विहिरीच्या कपारीत दिसणाऱ्या घोरपडीच्या कुळातला आहे. शास्त्रज्ञ त्याला व्हॅरॅनस कोमोडोएन्सिस म्हणतात, बाकीचं जग कोमोडो ड्रॅगन म्हणतं आणि बेटावरचे लोक ओरा.

मगरी मोठी जनावरं मारतात, पण पाण्याच्या आधाराने. अजगर हरीण गिळतो, पण त्याच जंगलात वाघ-बिबटे असतात आणि राज्य त्यांचं असतं. जमिनीवरच्या मोठ्या जनावरांचा मुख्य शिकारी म्हणून एखादा सरपटणारा प्राणी बसला आहे, अशी जागा आज जगात बहुधा ही एकच उरली आहे.

याचं मूळ समुद्रात आहे. बाली आणि लोंबोक या बेटांमधली सामुद्रधुनी फार रुंद नाही, पण खोल आहे. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली गेली तेव्हा सुमात्रा, जावा आणि बाली आशियाच्या मुख्य भूमीला जोडली गेली आणि वाघ चालत चालत तिथवर पोहोचले. बालीत अगदी विसाव्या शतकापर्यंत वाघ होते. लोंबोक मात्र कधीच जोडलं गेलं नाही. १८५६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस बालीहून लोंबोकला उतरला आणि एवढ्याशा अंतरात पक्ष्यांची दुनिया बदललेली पाहून चकित झाला. पुढे त्याच्या नावाची रेषा नकाशावर आली. त्या रेषेच्या पूर्वेला वाघाला जाता आलं नाही. आज तिथे दिसणारी हरणं आणि डुकरं माणसांनीच होड्यांतून नेली असावीत, असं मानतात. म्हशी तर नक्कीच माणसांच्या.

लोंबोकच्या पूर्वेला सुम्बावा, त्याच्या पूर्वेला फ्लोरेस आणि या दोहोंच्या मधल्या खवळत्या समुद्रात कोमोडो, रिंचा आणि इतर लहान बेटं. कोमोडो ड्रॅगनचं सगळं जग एवढंच: कोमोडो, रिंचा, त्यांच्याजवळची गिली मोतांग आणि नुसा कोडे ही दोन चिमुकली बेटं, आणि फ्लोरेसच्या पश्चिम व उत्तर किनाऱ्यावरचे काही तुकडे. उष्ण कटिबंधातलं बेट म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी घनदाट हिरवाई इथे नाही. वर्षातले बरेच महिने पाऊस नसतो. उघड्या डोंगरांवर वाळलेलं गवत, मध्येच ताडाची उंच झाडं आणि ओढ्यांच्या कडेने तेवढी दाट झाडी. कोमोडो हे इथल्या राष्ट्रीय उद्यानातलं सर्वांत मोठं बेट, आणि तेही बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा लहान.

इतक्या लहान, कोरड्या जमिनीवर वाघ आणून सोडला तरी तो टिकला नसता. वाघाला वर्षाला हरणाच्या आकाराची पन्नासेक जनावरं लागतात, कारण सस्तन प्राण्याच्या अन्नाचा मोठा हिस्सा शरीर गरम ठेवण्यातच खर्च होतो. कोमोडो ही ऊब उन्हातून फुकट घेतो. पूर्ण वाढलेला नर अडीच ते तीन मीटर लांब (त्यातली निम्मी शेपटी) आणि सत्तर ते नव्वद किलो वजनाचा असतो. म्हणजे अंगाने तो बिबट्याला भारी आहे. तरीही वर्षाला बारा वेळा पोटभर खायला मिळालं तरी त्याचं भागू शकतं. वाघाचं काम, पण वाघाच्या खर्चाच्या एका अंशात. कोमोडोबद्दलच्या बाकी सगळ्या नवलाईच्या गोष्टी या एका हिशेबाभोवती फिरतात, आणि राक्षस म्हणून त्याची जाहिरात करणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते.

अर्थात थंड रक्ताचा म्हणजे सुस्त, हा समज या कुळाच्या बाबतीत लागू पडत नाही. बहुतेक सरडे धावताना नीट श्वास घेऊ शकत नाहीत. धावताना त्यांचं अंग नागमोडी वळतं आणि त्यासाठी जे स्नायू लागतात तेच श्वासालाही लागतात. त्यामुळे सरडा धावतो, थांबतो, धापा टाकतो, पुन्हा धावतो. घोरपडींनी यावर तोड काढली आहे. गळा फुगवून त्या हवा आत ओढतात आणि लोहाराच्या भात्यासारखी फुप्फुसात ढकलतात. १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी घोरपडींना सरकत्या पट्ट्यावर चालवून हे सिद्ध केलं. चालता चालता गळा हलणारी घोरपड आपल्याकडेही कुणी ना कुणी पाहिलेली असते. ती रागावलेली नसते, श्वास घेत असते. या भात्यामुळे कोमोडो जीभ लपलपवत मैलोन्‌मैल भटकू शकतो आणि वेळ आली की थोड्या अंतरापुरता ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगाने धावूही शकतो.

बाहेरच्या जगाला हा प्राणी फार उशिरा कळला. फ्लोरेसवरच्या डच प्रशासनात काम करणाऱ्या स्टेन व्हान हेन्सब्रूक या लेफ्टनंटच्या कानावर १९१० साली ‘जमिनीवरच्या मगरी’च्या गोष्टी आल्या. त्याने एक जनावर मारून त्याचं कातडं आणि छायाचित्र जावातल्या बोगोरच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे संचालक पीटर आउवेन्स यांच्याकडे पाठवलं. आउवेन्स यांनी १९१२ साली शास्त्रीय वर्णन छापलं. १९२६ साली डग्लस बर्डन नावाचा न्यूयॉर्कचा एक श्रीमंत हौशी माणूस मोहीम घेऊन कोमोडोवर गेला, बारा मेलेले आणि दोन जिवंत प्राणी घेऊन परतला आणि ‘ड्रॅगन’ हे नाव त्याच्यामुळे सर्वतोमुखी झालं. दुर्गम बेट, तिथला अजस्र प्राणी, त्याला पकडून न्यूयॉर्कला आणणं... ‘किंग काँग’ या १९३३च्या चित्रपटाची कल्पना याच मोहिमेतून सुचली, असं सांगतात.

त्याच सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात अगदी उलटी गोष्ट घडत होती. तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाच्या प्रमुख होत्या जोन प्रॉक्टर, त्या काळात या पदावर बसलेली विरळा बाई. १९२७ साली त्यांच्याकडे दोन कोमोडो आले. त्यातला सुम्बावा नावाचा त्यांना इतका सरावला की त्या त्याला मोकळा फिरवत, हाताने भरवत, आणि १९२८ साली शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी त्याला सरळ टेबलावर आणून ठेवला. बर्डनच्या ड्रॅगनचा गाजावाजा जगभर झाला, प्रॉक्टरबाईंचा सुम्बावा मात्र लोक विसरले. खरं तर प्राणी कळण्याच्या दृष्टीने त्याच जास्त पुढे होत्या. माणसं ओळखणं, शिकवलेलं लक्षात ठेवणं हे या कुळात सर्रास दिसतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आफ्रिकेतल्या घोरपडीच्या पिल्लांना झडप असलेल्या पारदर्शक नळीत खाऊ ठेवून दिला. सगळ्यांनी दहा मिनिटांच्या आत झडप उघडली आणि दुसऱ्या वेळी त्याहून लवकर.

आता कोमोडोच्या तोंडाकडे वळू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच साठले आहेत.

१९६९-७० मध्ये वॉल्टर ऑफेनबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ कुटुंबासह अकरा महिने कोमोडो बेटावर राहिले. या प्राण्याविषयीचं पहिलं सविस्तर ज्ञान त्यांचं. त्यांनी पाहिलं की चावा घेतलेली म्हैस निसटते, पण पुढे काही दिवसांत जखम चिघळून मरते. शिवाय कोमोडो सडलेलं मांस खातो, त्याच्या लाळेत नाना तऱ्हेचे जंतू सापडतात. त्यावरून मांडणी झाली की याचं तोंड इतकं घाण आहे की तेच त्याचं हत्यार. पाठ्यपुस्तकांपासून टीव्हीवरच्या माहितीपटांपर्यंत ही गोष्ट तीस-चाळीस वर्षं फिरत राहिली. ऐकायला झकास होतीच.

२००९ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रायन फ्राय यांच्या गटाने कोमोडोच्या डोक्याचं चुंबकीय चित्रण केलं, तेव्हा खालच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी दिसल्या. या विषाने रक्त गोठत नाही आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. नागाप्रमाणे पोकळ दातांतून ते टोचलं जात नाही, दातांच्या मधून जखमेत झिरपतं. पुढे २०१३ साली दुसऱ्या एका गटाने प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडोंच्या तोंडातले जंतू तपासले. ते इतर मांसाहारी प्राण्यांच्या तोंडात असतात तसेच निघाले. उलट खाणं झालं की हा प्राणी कितीतरी वेळ ओठ चाटत आणि तोंड पाल्याला घासत बसतो.

मग म्हशी कशाने मरत होत्या? फ्राय यांचं उत्तर साधं आहे. म्हैस हे या बेटांचं जनावरच नाही. ती कोमोडोच्या मानाने फारच मोठी, त्यामुळे चाव्याने लगेच मरत नाही. घायाळ म्हैस आपल्या सवयीप्रमाणे डबक्यात जाऊन बसते, आणि उन्हाळ्यातलं डबकं म्हणजे शेणा-मुताचं साठलेलं पाणी. जंतू तिथले. माणसाने आणलेलं जनावर, त्याच्या डबक्यातली घाण, आणि ठपका कोमोडोच्या तोंडावर! विषाचा शिकारीत नेमका किती वाटा, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. हरणासारखं जनावर बऱ्याचदा नुसत्या जखमेने आणि रक्तस्रावानेच आडवं होतं.

कारण दात भयंकर आहेत. साठेक दात, अडीच सेंटिमीटरपर्यंत लांब, मागे वळलेले, करवतीसारख्या धारेचे. २०२४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं की या दातांच्या टोकाला आणि धारेला लोहाचा पातळ मुलामा असतो. त्यामुळे तिथे नारिंगी झाक दिसते. दात झिजतो, पडतो, मागे नवा तयारच असतो. गंमत म्हणजे जबड्यात फारशी ताकद नाही. तेवढ्याच आकाराच्या मगरीपुढे कोमोडोचा चावा अगदीच लेचापेचा. मगर धरून ठेवते, कोमोडो धरत नाही. तो दात रुतवतो आणि मानेच्या, पायांच्या जोराने मागे ओढतो. त्या ओढीने मांस फाटतं.

शिकार सहसा पाळत ठेवून होते. हरणांच्या पायवाटेकडेला तो तासन्‌तास पडून राहतो. अंगाचा रंग मातीत मिसळलेला. कान फार तीक्ष्ण नाहीत, डोळे दिवसा बरे. सगळी भिस्त जिभेवर. दुभंगलेल्या जिभेची दोन टोकं हवेतले वासाचे कण वेगवेगळे टिपतात आणि टाळूतल्या खास अवयवाला लावतात. डाव्या टोकावर वास जास्त असेल तर माल डावीकडे. चालताना मान डोलवण्याची त्याची लकब यासाठीच. वारा अनुकूल असेल तर चार किलोमीटरवरचं, क्वचित त्याहूनही लांबचं मेलेलं जनावर तो हुडकून काढतो.

मग पंगत बसते. आधी सर्वांत मोठा नर, मागून बाकीचे, वजनाच्या क्रमाने. घाईघाईत खाणं चालतं. बकरीएवढं जनावर तो अखंड गिळतो, कधी ते झाडाच्या बुंध्याला टेकवून स्वतः पुढे रेटा देतो. या काळात गुदमरू नये म्हणून जिभेखालून श्वासनळीचं तोंड पुढे आलेलं असतं. एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्के मांस पोटात जाऊ शकतं. त्यामुळेच विक्रमी वजनांचे आकडे जपून वाचावे लागतात: १६६ किलोंचा एक नर नेहमी सांगितला जातो, पण त्या आकड्यात न पचलेलं जेवण धरलेलं होतं. खाऊन झालं की उन्हात पडून राहणं भाग असतं, कारण अंग गार राहिलं तर पोटातलं मांस पचण्याआधी सडायचं. केस, शिंगं, खुर मागे उरतात. त्यांचा चिकट गोळा काही दिवसांनी तो ओकून टाकतो आणि लगेच तोंड मातीत घासतो. त्या गोळ्याचा वास त्यालाही सहन होत नसावा.

हरीण, डुक्कर, मेलेली म्हैस हा झाला मोठ्यांचा आहार. पिल्लांचं जग पूर्ण वेगळं आहे. सप्टेंबरच्या सुमारास मादी वीसेक अंडी घालते, आणि बऱ्याचदा घर दुसऱ्याचं वापरते. या बेटांवर नारिंगी पायांचा मेगापोड नावाचा कोंबडीसारखा पक्षी आहे. तो माती आणि पाचोळ्याचा भला मोठा ढीग रचून त्याच्या उबेत अंडी घालतो. पक्ष्याने सोडून दिलेला ढीग मादी कोमोडो ताब्यात घेते. सात-आठ महिन्यांनी, पावसाळा सरता सरता, किडे-मुंग्यांची चंगळ असताना पिल्लं बाहेर येतात. हिरवट-पिवळ्या ठिपक्यांची, हातभर लांबीची. बाहेर पडली की तडक झाडावर.

खाली थांबण्यात धोका आहे, आणि तो आपल्याच लोकांपासून. मोठे कोमोडो लहानांना खातात. म्हणून पिल्लं पहिली काही वर्षं झाडावर काढतात, नाकतोडे, पाली, पक्ष्यांची अंडी खाऊन. ऑफेनबर्ग यांनी मेलेल्या जनावराजवळ यायचं धाडस करणारी पिल्लं विष्ठेत लोळून येताना पाहिली, कारण त्या वासाने मोठे त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. तीन-चार वर्षांनी वजन इतकं वाढतं की फांद्या पेलत नाहीत, मग ती उतरतात आणि उंदीर, साप, लहान डुकरं यांच्या मागे लागतात. हरणापर्यंत पोहोचायला आणखी काही वर्षं. आशियातल्या जंगलात हीच कामं तीन-चार जाती वाटून घेतात: झाडावर उदमांजर, झुडपात मुंगूस, माळावर कोल्हा, आणि या सगळ्यांच्या वर वाघ. कोमोडोवर एकच जात आयुष्यभरात एकेक पायरी चढत ती सगळी पदं भूषवते.

माद्यांनी तर याहून मोठा धक्का दिला. २००५ साली लंडन प्राणिसंग्रहालयातल्या सुंगाई या मादीने नराशी शेवटचा संबंध येऊन दोन वर्षं उलटल्यानंतर बावीस अंडी घातली आणि त्यातून चार पिल्लं निघाली. तिने नराचं बीज साठवून ठेवलं असेल, असा पहिला तर्क होता. पण त्याच वेळी चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाच्या मादीनेही फलित अंडी घातली, आणि फ्लोराची तर आयुष्यात नराशी गाठच पडलेली नव्हती. जनुकीय तपासणीत दोघींच्याही अंड्यांत बापाचा अंश मिळाला नाही. २००६च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. अशा जन्मातून होणारी पिल्लं सगळी नर असतात, कारण या प्राण्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं आपल्या उलट चालतात: भिन्न जोडी मादीकडे, समान जोडी नराकडे. म्हणजे एकटी मादी पोहत एखाद्या बेटावर पोहोचली तरी आधी मुलगे जन्माला घालून पुढे त्यांच्याशी जुगून वंश सुरू करू शकते. नैतिकतेची चौकट बाजूला ठेवली, तर बेटांवर पसरण्याची ही नामी सोय आहे. अर्थात अशा वंशात वैविध्य उरत नाही आणि तो रोगराईला लवकर बळी पडू शकतो.

हा प्राणी एवढा मोठा झाला कुठे? बरीच वर्षं उत्तर ठरलेलं होतं: बेटावर. बेटांवर लहान जाती मोठ्या होतात आणि मोठ्या लहान, हे जीवशास्त्रातलं सर्वपरिचित निरीक्षण आहे. फ्लोरेसवर पूर्वी स्टेगोडॉन नावाचे बुटके हत्ती होते. ते खाता यावेत म्हणून घोरपड वाढत गेली, असा तर्क जॅरेड डायमंड यांनी १९८७ साली मांडला होता. मोहक कल्पना होती. मात्र २००९ साली स्कॉट हॉकनल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधली हाडं तपासली. जवळपास अडतीस लाख वर्षांपूर्वी तिथे कोमोडोच राहत होते आणि आकाराने आजच्याइतकेच होते. फ्लोरेसवरचे सर्वांत जुने अवशेष नऊ लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे कोमोडो बेटावर येऊन मोठा झाला नाही, मोठाच बेटावर आला. ऑस्ट्रेलियात त्याच्याहून अजस्र भाऊबंद होता. रिचर्ड ओवेन यांनी १८५९ साली त्याला मेगालानिया हे नाव दिलं. त्याची लांबी साडेचार मीटर ते सात मीटर, ज्याच्या-त्याच्या अंदाजाप्रमाणे, कारण पूर्ण सांगाडा कुणालाच मिळालेला नाही. बाकीचे थोरले गेले आणि बेटांनी हा एक तेवढा राखला.

वॉलेस रेषेचा खेळ साऱ्या घोरपड कुळात दिसतो. सस्तन शिकारी कमी असलेल्या पूर्वेकडे या कुळाने वाटेल ते रूप घेतलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वीतभर लांबीची घोरपड आहे आणि अडीच मीटरपर्यंत जाणारी पेरेंटीही. तिथली पिवळ्या ठिपक्यांची एक जात जमिनीत मळसूत्राच्या आकाराची बिळं खणून तीन-साडेतीन मीटर खोलीवर अंडी घालते, आणि त्या मोकळ्या बिळांत नंतर बेडूक, साप, सरडे बिऱ्हाड करतात. फिलिपाइन्समधल्या लुझॉन बेटावर तर झाडावर राहून फळं खाणाऱ्या घोरपडी आहेत. त्यातली दोन मीटर लांबीची, सोनेरी ठिपक्यांची बिटाटावा ही जात शास्त्राच्या नोंदीत आली २०१० साली. तिथले आग्ता आदिवासी ती पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत.

रेषेच्या पश्चिमेला, म्हणजे आपल्या बाजूला, चित्र आखडतं. मुंगूस, उदमांजर, रानमांजर अशा चपळ शिकाऱ्यांच्या गर्दीत वीतभर घोरपड टिकू शकत नाही, असं या कुळाच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. सर्वांत मोठी पाणघोरपड: सुंदरबन, भितरकनिका, अंदमान इथली, दोन मीटरच्या पुढे सहज जाणारी. हीच जात बँकॉकच्या लुम्पिनी बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायांशी हिंडत असते. महाराष्ट्रात सर्वत्र दिसते ती साधी घोरपड. ऑफेनबर्ग कोमोडोवरून परतल्यावर पुढे हिच्याच अभ्यासाकडे वळले आणि १९९४ साली त्यांनी तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. भुंगे, अळ्या, खेकडे, गोगलगायी, उंदीर, अंडी आणि मेलेलं जनावर, असा तिचा आहार. म्हणजे शेतकऱ्याच्या फायद्याचाच. पावसाळ्यात दोन घोरपडी मागच्या पायांवर उभ्या राहून एकमेकींना कवटाळताना दिसतात. लोक त्याला प्रणय समजतात. ती दोन नरांची कुस्ती असते, आणि कोमोडोचे नर अगदी अशीच लढतात.

तानाजी मालुसऱ्यांची यशवंती घोरपड मराठी मुलाला शाळेआधीच माहीत असते. इतिहासकार ती लोककथा मानतात. घोरपडीच्या नख्या कपारीत घट्ट रुततात हे खरं, पण सहा-सात किलोंच्या जनावराच्या भरवशावर हत्यारबंद मावळा कडा चढेल हे अवघड वाटतं. कथा राहू द्यावी. तिच्यामुळे निदान या प्राण्याला मान तरी मिळतो. एरवी त्याच्या वाट्याला येते ती अंधश्रद्धा. मांसासाठी, तेलासाठी, कातड्यासाठी घोरपडी मारल्या जातात. ‘हत्थाजोडी’ या नावाने जी दुर्मीळ मुळी पूजेसाठी, भरभराटीसाठी विकली जाते, ती घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असल्याचं २०१७ साली उघड झालं. त्यानंतर देशभर छापे पडले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भारतातल्या सगळ्या घोरपडी पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. गोव्याने मात्र एक चांगली वाट काढली. तिथल्या घुमट या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. बंदी आल्यावर वादक अडचणीत आले, पुढे बकरीच्या कातड्याचा पर्याय रुळला आणि २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचा दर्जा दिला.

कोमोडो बेटावरच्या गावात एक गोष्ट सांगतात. एका राजकन्येला जुळी झाली: एक माणसाचं मूल, दुसरी ओरा. मुलगा मोठा होऊन शिकारीला गेला आणि त्याने भाला उगारला तेव्हा आईने प्रकट होऊन सांगितलं, ती तुझी बहीण आहे. गावात घरं अजूनही खांबांवर उंच बांधलेली असतात. हल्ले होतात, पण क्वचित. उद्यानाच्या नोंदीप्रमाणे १९७४ ते २०१२ या काळात चोवीस, त्यातले पाच जीवघेणे. पूर्वी पर्यटकांसमोर बकऱ्या टाकण्याचा कार्यक्रम होई. त्यामुळे प्राणी माणसाच्या वाटेवर डोळे लावून बसू लागले. तो १९९०च्या दशकात बंद झाला.

उद्यान १९८० साली झालं, १९९१ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २०१९ साली प्रांताच्या गव्हर्नरने बेट पर्यटकांना बंद करून गाव हलवण्याचा घाट घातला होता. केंद्र सरकारने तो गुंडाळला. पुढच्याच वर्षी रिंचावर सुरू असलेल्या बांधकामाच्या ट्रकसमोर उभ्या ठाकलेल्या कोमोडोचं छायाचित्र जगभर फिरलं. तिथल्या समाजमाध्यमांनी त्या प्रकल्पाला ‘ज्युरासिक पार्क’ म्हणून झोडपलं. २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने कोमोडोला ‘संकटग्रस्त’ ठरवलं. पिल्लं धरून जेमतेम तीन-साडेतीन हजार प्राणी उरले आहेत, आणि समुद्र वाढत राहिला तर पुढच्या पंचेचाळीस वर्षांत त्यांचा तीस टक्के तरी अधिवास जाईल, असा संघाचा अंदाज आहे.

जागा बदलून ते दुसरीकडे का जात नाहीत, हे टिम जेसप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली तपासलं. काही कोमोडो उचलून त्याच बेटावर वीसेक किलोमीटर लांब सोडले, तर ते चार महिन्यांच्या आत आपल्या दरीत परतले. काहींना दोनच किलोमीटर पाण्यापलीकडच्या बेटावर सोडलं. पोहता येत असूनही ते परतले नाहीत. ज्या दरीत जन्म झाला तिथेच आयुष्य काढायचं, ही यांची जुनी रीत. ओळखीच्या जमिनीवर कुठे पाणी, कुठे सावली, कुठली हरणांची वाट हे पाठ असतं, आणि महिन्याला एकदा जेवणाऱ्याला त्याचाच आधार असतो.

सर्वांत नाजूक अवस्था फ्लोरेसवरच्या कोमोडोंची आहे. तिथे उद्यानाचं कुंपण नाही. शेती डोंगरावर चढते आहे, गवत पेटवलं जातं, हरणांची शिकार होते. आणि गावांतून सुटलेली, रानटी झालेली कुत्री टोळीने हरणं मारू लागली आहेत. समुद्राने लाखो वर्षं अडवून धरलेला गरम रक्ताचा शिकारी शेवटी माणसाच्या होडीतून उतरला. कोमोडो एका हरणावर महिनाभर काढू शकतो, कुत्र्याला भूक रोज लागते. इंडोनेशियन संशोधक आता किनाऱ्यावरच्या झाडांना कॅमेरे बांधून नोंद ठेवतात की कुठल्या दरीत अजून ओरा फिरतो आहे आणि कुठे कुत्र्यांनी हरणं संपवत आणली आहेत.